साहेबाचं गार सूप

गाइडनं काचेच्या पेटीतल्या शेरेबुकातला शेरा वाचून दाखवला. "डिसेंबर १९३८. सूप आजही गार. खानसामा आळशी आहे." इंग्रजांच्या काळचा डाकबंगला पाहायला आलेली मंडळी हसली.

घोळक्यातल्या म्हाताऱ्या मार्थाबाई मात्र हसल्या नाहीत. "तो खानसामा म्हणजे माझे वडील," त्या म्हणाल्या. "आगीच्या भीतीनं साहेबानंच स्वयंपाकघर पार मागं, लांब बांधून घेतलं होतं. चल, दाखवते."

त्या स्वयंपाकघरात आता कँटीन होतं. मार्थाबाईंनी काठोकाठ भरलेला वाफाळता चहा गाइडच्या हातात दिला. "हा साहेबाच्या जेवणाच्या टेबलापर्यंत ने. सांडायचा नाही हं."

मोकळं अंगण, वीस पायऱ्या, लांबलचक व्हरांडा आणि डोंगरावरचा बोचरा वारा. टेबलापाशी पोचल्यावर गाइडनं घोट घेतला आणि तो ओशाळला. "गार झाला, आजी."

"आळशी आहेस," मार्थाबाई म्हणाल्या, आणि आता त्याही हसल्या.

दुपारच्या पाहुण्यांना त्यानं पुढच्या दारानं आत नेलंच नाही. आधी स्वयंपाकघरात नेऊन प्रत्येकाच्या हाती चहाचा भरलेला कप दिला.