ऐकणाऱ्याला धरून

"मेमु इक्कड उंटामु," मी तेलुगूत ठासून म्हणाले. आम्ही इथे राहतो.

शेजारची नरसक्का बिड्या वळता वळता थांबली आणि खळखळून हसली. "सुट्टीत अख्खी लायब्ररी वाचून काढलीस, आपल्या बोळावर कादंबरी लिहायला निघालीस, आणि मलाच बाहेर ठेवलंस व्हय गं? मेमु म्हणजे ऐकणारा सोडून. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर मनम."

आम्ही आणि आपण. मराठीतही हेच होतं की! दहावीपर्यंत मराठी शिकले आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी वही उघडली. महिनाभर आखलेल्या कादंबरीचं पहिलं वाक्य होतं, 'आम्ही सोलापूरच्या एका बोळात राहतो.' त्यातलं 'आम्ही' खोडलं आणि वर 'आपण' लिहिलं.

तेवढ्यात पप्पा दारात येऊन उभे राहिले. "ऊठ! स्पोकन इंग्लिशचा क्लास बुडवून इथं बसतेस? ह्या लोकांची भाषा शिकून कुणाचं भलं झालंय?"

नरसक्काने मांडीवरचं सूप पुढे ओढलं आणि त्यातली पानं उगाचच सारखी करू लागली.

मी उठले नाही. पप्पांनी माझ्या हातातून वही ओढली आणि पहिली ओळ वाचली.

"आपण? ह्यातलं आपण म्हणजे कोण कोण?"

"मी आणि नरसक्का," मी म्हणाले. "तुम्ही त्यात यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."