बोटाखालचं नाव

मुंजाबा दरवर्षी एकदाच उस्मानपुऱ्याच्या वाचनालयात यायचा, जुन्या वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी वाचायला. मेंढरं विकून तो कंपनीत लागला, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या सुखदेवनं जेवणाच्या सुट्टीत त्याचं बोट धरून अक्षरांखाली फिरवलं आणि पस्तिशीत त्याला वाचता केलं. पुढं सुखदेव नामांतराच्या मोर्चात मारला गेला. त्या बातमीतलं त्याचं नाव हा मुंजाबानं एकट्यानं वाचलेला पहिला शब्द होता. यंदा कपाट रिकामं होतं. “गठ्ठे रद्दीत दिले, बाबा. आता सगळं ऑनलाइन, घरबसल्या वाचा,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी टॅबच्या पडद्यावर बातमी काढून दिली. मुंजाबानं सवयीनं नावाखाली बोट ठेवलं, तसं पान सर्रकन पळालं. बाईंनी पुन्हा आणलं, पुन्हा पळालं. “बोट लावू नका, नुसतं वाचा!” मुंजाबानं हात मागं घेतला. “बोट लावल्याबिगर वाचायला सुखदेवनं शिकवलंच नाय.”