भाषणाचा विषय

विज्ञान दिनाला अचलपूरच्या कॉलेजात भगवंत सरांचं भाषण चांगलंच रंगलं. "घर्षण नसतं ना पोट्टेहो, तर माणसाले एक पाऊल टाकता आलं नसतं! चपलेच्या तळाले खाचा कायले असतात मंग?" पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

संध्याकाळी ते अमरावतीला घरी आले, तर दाराशी मायच्या चपला तशाच पडलेल्या, तळ घासून गुळगुळीत झालेला. येत्या रविवारी नव्या आणतो म्हणता म्हणता दिवाळी जाऊन होळी जवळ आली होती. गेल्या आठवड्यात त्याच चपला घालून माय ओल्या फरशीवर घसरली अन् खुब्याचं हाड मोडून बसली.

खाटेवरून तिनं कौतुकानं विचारलं, "आज कायवर बोलला रे बाबू?"



"प्रकाशावर, माय."