ओढ्याची वाट

सूनबाई शहराचे नकाशे करणाऱ्या कचेरीत कामाला होती, आणि हल्ली नकाशे तिच्याऐवजी कृत्रिम बुद्धीचं यंत्रच काढायचं. दर पावसात शहर तुंबतं, तेव्हा रस्त्याखाली पाईपात गाडलेला जुना ओढा मोकळा करा आणि दोन्ही काठांना झाडं लावा, असं त्या यंत्राने सुचवलं. ओढ्याची नवी वाट मात्र त्याने नेमकी सासूबाईंच्या नव्याकोऱ्या दिवाणखान्यातून दाखवली.

"घर कुणाचं आहे ते सांगितलंस का त्याला?" सासूबाईंनी विचारलं. "ओळखदेख नसली की कुणीही अंगावर येतं."

हे घर सोडून, असं सुनेने टाईप केलं. ओढा गुमान शेजारच्या आळीत वळला.

"बघ, मोठ्या घराचं नाव काढलं की यंत्रालाही अक्कल येते."

"आई, आता तो माझ्या माहेरच्या अंगणातून जातोय."

"मग काय झालं? शहराच्या भल्यासाठी कुणाला तरी सोसावंच लागतं, बाई."

"खरंय. मग माझी आई उद्यापासून आपल्याकडेच राहील. तुमच्या खोलीत दोन खाटा सहज मावतील."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "विहीणबाईंचंही घर सोडायला सांग त्याला. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

सुनेने तेही सांगितलं. यंत्राने ओढा होता तसा पाईपात ठेवला, आणि नकाशात वरच्या रस्त्याला सुरेख हिरवा रंग दिला.