टोचणी

‘बसलो.’

स्क्रीनवरच्या त्या शब्दावर बोट टेकवून यज्ञेश्वर खुर्चीत मागे रेलला. सापडला लेकाचा!

आठवडाभर ‘कोडकट्ट्या’वर त्याची सालटी निघत होती. कोडकट्टा म्हणजे पुण्यातल्या प्रोग्रामर मंडळींचा ऑनलाइन अड्डा. नवीन काय आलं, कुणाचं कुठं अडलं, कुणी कुणाला कोडं घातलं, सगळं तिथं. एकमेकांची अक्कल काढायची तीही तिथंच. मदत मागायला आलेल्याला ‘आधी शाळेत जा’ म्हणणाऱ्यांत यज्ञेश्वर पहिला. गेल्या महिन्यात त्यानं कट्ट्यावर ‘झाडू’ टाकला. जुन्या प्रोग्राममधला निरुपयोगी कचरा शोधून काढणारं टूल. लोकांनी डोक्यावर घेतलं. कंपनीत वरची खुर्ची जवळजवळ ठरली.

मग ‘टोचणी’ नावाचं कुणीतरी उगवलं. ‘झाडू याचा नाही. टीमच्या सामाईक फोल्डरमधून उचललाय. तो मी लिहिलाय. सोमवारी कच्चे खर्डे कट्ट्यावर टाकीन.’

उचलला होताच. खराडीच्या त्या ऑफिसात अख्ख्या टीमचं लॉगिन एकच, कारण कंपनी कवडीचुंबक. कुठली ओळ कुणी लिहिली याचा पत्ता यंत्रालाही नसायचा. बेवारस पोर दिसलं, यज्ञेश्वरनं त्याला आपलं आडनाव लावलं. आता पोराचा बाप दारात उभा होता, आणि सोमवारच्या आत त्याला हाकलायला हवं होतं.

टोचणी हुशार. ‘मी लिहिलं’, ‘मला सुचलं’, असंच सगळं. बाई की बुवा, कळू द्यायचं नाही. पण रागात माणूस घसरतोच. काल कुणीतरी डिवचलं आणि टोचणीनं लिहून टाकलं: ‘लोक रविवारी सिंहगडावर भजी खात होते, तेव्हा मी मान मोडून बसलो, म्हणून झाडू झाला.’

बसलो. बसले नव्हे.

यज्ञेश्वर सदाशिव पेठेतला. लोकांच्या कोडइतक्याच त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात त्याची हयात गेलेली. व्याकरणानं चोर धरला म्हणून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. टीममध्ये माणसं तीन. श्यामला बाद झाली. बजरंग तेव्हा कंपनीतच नव्हता. उरला मुनव्वर.

“या, साहेब,” त्यानं मुनव्वरला काचेच्या खोलीत बोलावलं. “काय म्हणतेय टोचणी?”

“मी तिथं जात नाही, सर. शिव्याच खायच्या तर कसब्यात फुकट मिळतात.”

“सोमवारी एक तारीख. कायम व्हायचंय ना तुला?”

“व्हायचंय. त्याच भरवशावर अब्बांनी दुकानाचं शटर ओढलंय.”

“मग लिहून दे. टोचणी मीच, आरोप खोटे, चूक झाली. होशील कायम.”

“जे केलं नाही ते कबूल करू?”

“मराठी चांगली आहे हो तुझी. एक ओकार तेवढा नडला.”

“आम्ही कसब्यातले, सर. तुमच्या सदाशिव पेठेच्या आधीचे.” मुनव्वर उठला. “झाडू माझा असता तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. पण तो तुमचाही नाही. असता तर मला असं बोलावलं नसतंत.”

तो बाहेर पडला. यज्ञेश्वरनं एचआरला फोन लावला.

तेवढ्यात श्यामला दारात आली. टीमच्या कामाचं टेस्टिंग ती करायची. ऑफिसात इंग्रजीच बोलायची. मराठी लागलीच तर मोजकी, तुटक. यज्ञेश्वर तिला खिजगणतीत धरत नसे.

“ते मुनव्वरनं लिहिलेलं नाही, सर.”

“का? स्वप्न पडलं?”

“मला माहीत आहे. त्याला काढू नका.”

“मग नाव सांग.”

“सांगितलं, तर तो राहील?”

“ते मी ठरवीन.”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“मग वकिली बंद,” यज्ञेश्वर म्हणाला. “आवडतो वाटतं पोरगा?”

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर मुनव्वरच्या हातात कागद पडला. गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. सुरक्षारक्षकानं, रोज त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारणाऱ्यानं, त्याची पिशवी उलटीपालटी करून तपासली. आसपासची सगळी डोकी एकाएकी कामात बुडाली.

जाता जाता मुनव्वर यज्ञेश्वरच्या टेबलापाशी थांबला. “शाब्बास, सर. आता एखादी ओळ स्वतः लिहून बघा. अवघड असतं, पण जमेल.”

यज्ञेश्वरनं लिहिलीच. कट्ट्यावर. ‘टोचणी सापडला. नाव मुनव्वर. आजपासून बेकार. पुरावा? त्याचंच क्रियापद.’ खाली सगळी फोड करून दाखवली: पुल्लिंग, एकवचन, भूतकाळ.

कट्टा खूश. कुणी टाळ्या, कुणी हसरे चेहरे. ‘व्याकरणाचा तास आवडला, गुरुजी!’ काल टोचणीची पाठ थोपटणारेच आज मुनव्वरला चोर म्हणत होते. खरं काय, असं एकाही शहाण्यानं विचारलं नाही. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

संध्याकाळी यज्ञेश्वर शीळ घालत लिफ्टपाशी आला. सोमवारची भीती संपली होती. समोर श्यामला पाठमोरी उभी होती. खांद्यावर प्रवासाची बॅग, कानाला फोन. इतक्या मोकळ्या आवाजात बोलताना त्यानं तिला कधी ऐकलंच नव्हतं.

“व्हय गं आई, झाडूचं पैल्या ओळीपासनं समदं घरच्या कॉम्प्युटरवरच हाय. दादाला हात लावू देऊ नको. सोमवारी मुनव्वरलाबी संगं घेतो. कोल्हापूरच्या गाडीला आत्ताच निघालो बघ.”