फाटकावरची झडती

सुट्टीचा भोंगा झाला आणि शिवणखात्यातल्या बायका झडतीसाठी फाटकाशी रांगेला लागल्या. नव्यानं कामाला लागलेल्या एकीनं कमरेला चिंध्या खोचल्या होत्या. लेक पाळी आल्यापासून शाळा बुडवून घरी बसली होती, आणि फाडायला जुनी चादरही उरली नव्हती. “चिंधी नेली तरी चोरीच!” सुपरवायझर खुर्चीतून ओरडला. कशासाठी नेतेय हे त्या बाप्याला सांगण्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली असती. पण नोकरी गेली तर खायचं काय? तिची नुसती चुळबुळ चालली होती. मागे फिरावं म्हटलं, तर मागचीनं पुढे ढकललं. झडतीवालीचे हात कमरेपाशी थबकले, बोटांनी कापड चाचपलं. “सापडलं काही?” सुपरवायझर उठला. “काही नाही,” झडतीवाली मोठ्यानं म्हणाली आणि कानाशी लागली, “अस्तराचं कापड शोषत नाही, वेडे. उद्या कटिंगच्या टेबलाखालचं सुती घे. आम्ही सगळ्या तेच नेतो.”