खुर्चीपाशी हवा खराब

“मेलेलीच्या खुर्चीचे लाड, आणि जितीला स्टूल!” ओल्या फडक्याने फरशी पुसता पुसता दुसरी बायको पुटपुटली.

फुप्फुसांत धूर-धूळ साठून पहिली गेली, तेव्हापासून या घरात रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीच्या वेळी खिडक्या बंद, केरसुणी बंद आणि हवेचा प्युरिफायर चालू. घरभर त्याचा दिवा हिरवा असे. पहिलीच्या रिकाम्या खुर्चीपाशी नेला, की मात्र तो लाल होऊन धापा टाकू लागे. तेव्हा सगळेच दुसरीकडे बघत.

आज दुसऱ्या बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. ती त्या खुर्चीत जाऊन ऐसपैस बसली.

शेजारचं यंत्र लाल होऊन घरघरलं. नवऱ्याने पेपर तोंडापुढे धरला. सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, “ऊठ गं बाई. तिला आधीच श्वास पुरत नाही, त्यात तू तिच्या मांडीवर बसलीस.”